शेंड्याकडची फोड

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाला साधं ‘या, बसा’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. दार उघडायचं आणि ‘फोड घ्या’ म्हणायचं. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस असो, गणपतीची वर्गणी मागणारे असोत, नाहीतर नवं लग्न झालेले आम्ही दोघं पाया पडायला गेलेलो असू, मामांच्या घरी स्वागत पपईनं व्हायचं आणि आलेल्याची लायकीही पपईवरूनच ठरायची. मुलुंडला एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांची जागा होती. बिल्डिंगच्या मागे, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चिंचोळी जमीन होती. इतर सोसायट्यांत अशा जागी मोडक्या सायकली आणि करवंट्या पडलेल्या असतात. इथे मामांच्या पपया उभ्या होत्या. भांडुपच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेला हा माणूस रिटायर झाल्यावर देवळात जाईल, पेपर वाचेल, गेला बाजार सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडेल, अशी मामींची अपेक्षा होती. पण मामांनी रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुदळ आणली.

पपई साधीसुधी नव्हती. जात वॉशिंग्टन. पानांच्या देठांना जांभळी झाक, आणि फळ एवढं दांडगं की एक उचलायला दोन्ही हात लागत. बी कुठून आणलं ते मामा सांगत नसत. फार खोदून विचारलं तर ‘तुम्हाला लावायची आहे का?’ असं उलट विचारत. पपईत नरझाड वेगळं आणि मादीझाड वेगळं, हे मला मुलुंडला कळलं. मामा एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायचे, फुलं येईपर्यंत थांबायचे, आणि मादी ठेवून नर काढून टाकायचे. परागासाठी म्हणून एकच नर ठेवला होता. त्याला नुसतेच लांबलचक फुलोऱ्याचे झुबके लोंबायचे, फळाचा पत्ता नाही. त्याला मामा ‘सेक्रेटरी’ म्हणत. सोसायटीच्या खऱ्या सेक्रेटरींना हे माहीत होतं, पण तेही फोड खाल्लेले असल्यामुळे बिचारे बोलू शकत नसत.

एरवी मामा चांगलं शुद्ध मराठी बोलायचे. जीव गुंतला की मात्र गाडी मालवणीवर यायची, आणि पपई उतरवताना ती हमखास यायची. झाडावर फळाला पिवळी रेघ दिसली की मामा त्याला ‘डोळो फुटलो’ म्हणत. त्याआधी फळाला हात लावायचा नाही. उतरवल्यावर सालीवर नखानं बारीक ओरखडे काढून चीक निथळू द्यायचा, मग पेपरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मामी तांदूळ घ्यायला डबा उघडत तेव्हा आधी परवानगी मागत. घाटकोपरला आम्ही नवाकोरा फ्रिज घेतला आणि मामांनी पाठवलेली पपई कौतुकानं त्यात ठेवली. मामा आले, पाणी हवं म्हणून स्वतःच फ्रिज उघडला आणि उघड्या दारासमोर नुसते उभे राहिले. मग पपई बाहेर काढली, खांद्यावरच्या पंचानं पुसली आणि मांडीवर घेऊन बसले. तासभर आम्ही गप्पा मारत होतो आणि मामा तिला ऊब देत होते. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले नाहीत.

मुलुंडहून घाटकोपरला पपई येई ती बसनं, मामांच्या कडेवरून. पिशवीत घातली तर फळाला दाब बसतो, म्हणून जुन्या मऊ पंचात गुंडाळून, देठाखाली एक तळहात आणि मधोमध दुसरा, अशी ती ते आणत. एकदा मी बरोबर होतो. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाईंनी मामांच्या हातातलं गाठोडं पाहिलं, लगबगीनं उठल्या आणि म्हणाल्या, बसा आजोबा, पोर झोपलंय वाटतं. मला वाटलं, मामा आता खरं काय ते सांगतील. मामा शांतपणे बसले, पंचाचं टोक जरा सारखं केलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘हो, अजून कच्चीच आहे.’ त्या बाई घाटकोपरपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

पण मामांचं खरं रूप दिसायचं ते पपई कापताना. पपईचे चौकोनी तुकडे करणाऱ्याला ते माणसात धरत नसत. कापायची ती उभी, देठापासून शेंड्यापर्यंत. बिया चमच्यानं नाही, बोटांनी काढायच्या, राखेत घोळून वाळवायच्या. मग लिंबू, चिमूटभर काळं मीठ, बस्स. काटा नको, बशी नको, हातात धरून सालीपर्यंत खायची आणि कोपरापर्यंत ओघळ आला तरी मध्ये थांबायचं नाही. पाहुणे जास्त असले की मात्र फोडी आडव्या निम्म्या व्हायच्या, आणि तिथेच माणसाची पत कळायची. देठाकडचा भाग जरा सपक. शेंड्याकडचा, म्हणजे झाडावर खाली लोंबणाऱ्या टोकाचा, साखरेसारखा. मामा कुणाला कुठली फोड देतात यावर त्यांचं त्या माणसाविषयीचं मत सरळ कळायचं. मला फ्रिजच्या प्रकरणानंतर कितीतरी दिवस देठाकडची मिळत होती. मग हळूहळू बढती होत गेली.

कायमची देठाकडची फोड मात्र एकाच माणसाच्या नशिबी होती, ती म्हणजे त्यांच्या सख्ख्या जावयाच्या. मामांना एकुलती एक मुलगी, सुमन. तिला मरोळला दिली होती. जावई गुणी, निर्व्यसनी, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा फोड हातात घेऊन बिचारा म्हणाला, ‘थोडी पिठीसाखर मिळेल का?’ मामींनी पटकन डबा पुढे केला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जावयाला सासरी काय मान असतो तुम्हाला ठाऊक आहे. मामांनी सगळे मान केले, कापडं केली, अधिकमासात चांदीचं ताट दिलं; पण फोड द्यायची वेळ आली की देठाकडची. मामींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बिल्डिंगमध्ये तर मामांची दहशतच होती. पपई कापली की ताट घेऊन ते मजल्यामजल्यावर जात आणि समोरचा खाईपर्यंत दारात उभे राहत. ‘नंतर खाते’ हे त्यांना चालत नसे. आता आपल्याकडे दिवस गेलेली बाई पपईला शिवत नाही. उष्ण पडते म्हणतात. खरं-खोटं काय ते असो, पण त्या काळी ते कुणी करून बघत नसे. आणि सुरुवातीचे तीन महिने ही बातमी कुणाला सांगायचीही नाही, अशी रीत. त्यामुळे नव्या सुनांची मोठी पंचाईत व्हायची. खावी तर भीती, नको म्हणावं तर मामा जिना उतरताना मोठ्यानं कुरकुरणार. ते घरी येऊन मामींना सांगायचे, दुसऱ्या मजल्यावरची नवी सून बघ, वॉशिंग्टन नको म्हणते, काय माज आहे. मामी ‘हो का’ म्हणायच्या आणि मऊ झालेली सुती लुगडी दुपट्यांसाठी काढायला घ्यायच्या. अशी कितीतरी दुपटी मामींनी शिवली. त्या सुनांच्या आयांच्याही आधी मामींना कळलेलं असायचं. मामांना मात्र वर्षानुवर्षं यातलं ओ की ठो कळलं नाही. शेवटी एकदा मामींनीच वैतागून उलगडून सांगितलं. मामा म्हणाले, ‘म्हणजे त्या पपईवर रागावल्या नव्हत्या?’

हे कळलं आणि मामांचं एक सुख गेलं. कारण सुमनच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तिच्याकडे काही नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले. मामी कुठल्या कुठल्या देवीला जाऊन ओटी भरून आल्या. मामांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. ते फक्त सुमन येणार म्हटलं की झाडावरची उत्तमातली उत्तम पपई राखून ठेवत आणि शेंड्याकडची फोड तिच्या हातात देऊन तिच्या तोंडाकडे बघत. सुमन बापाचीच लेक, आवडीनं खायची, सालीपर्यंत. दुसऱ्या कुणी अशी फोड साफ केली की मामा आनंदानं मांडीवर थाप मारत. सुमनची साल ताटात पडली की ते उगाचच सुरी धुवायला उठत. आपली पपई कुणीतरी ‘नको’ म्हणावं, याची वाट बघणारा हा माणूस बघून मला फार वाईट वाटायचं, आणि माझी बायको तर मान दुसरीकडे वळवायची.

तो रविवार मला चांगला आठवतो. आम्ही सगळे मुलुंडला जमलो होतो. टीव्हीवरची सकाळची मालिका संपली, मामांनी टीव्ही बंद केला आणि पपई घेऊन जमिनीवर बसले. उभी कापली, बिया काढल्या, लिंबू पिळलं आणि शेंड्याकडची फोड सुमनपुढे धरली.

‘नको, बाबा,’ सुमन म्हणाली.

मामांचं सवयीनं सुरू झालं. नको काय, डोळा फुटेपर्यंत झाडावर ठेवलेली आहे, कालपासून तांदळात आहे, तुमच्या मरोळला असली बघायला तरी मिळते का, हल्ली तुम्हा लोकांचे नखरे... आणि बोलता बोलता ते थांबले. आम्ही सगळे एव्हाना त्यांच्याकडे बघत होतो. मामींनी गॅस बंद केला होता.

‘खरा गो?’ मामांनी विचारलं.

सुमननं मान हलवली. मामांच्या हातातली फोड तशीच अधांतरी. तिचं आता काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ती फोड जावयापुढे केली. शेंड्याकडची! जावयानं ती दोन्ही हातांनी घेतली, साखर मागितली नाही आणि सालीपर्यंत खाल्ली. मामा म्हणाले, झाडांना पाणी घालून येतो. सकाळीच घातलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. ते बराच वेळ मागेच होते, आणि त्यांना हाक मारायला कुणी गेलं नाही.

सुमन बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मामांनी घरात पपईचा वाससुद्धा येऊ दिला नाही. ती मागच्या खिडकीशी बसते म्हणून झाडावरच्या फळांना गोणपाट बांधलं. पिकेल ते सगळं आमच्याकडे घाटकोपरला रवाना. आमच्या घरात त्या दिवसांत पपईचं भरीत सोडून सगळं झालं. मुलगी झाली. तिला दवाखान्यातून मामांनीच घरी आणलं, त्याच मऊ पंचात, एक तळहात डोक्याखाली आणि दुसरा मधोमध. मी बरोबर होतो.

नात मोठी झाली, बोलू लागली, आणि एके दिवशी आजोबांनी पुढे केलेली फोड तिनं दोन्ही हातांनी ढकलून दिली. शी, वास येतो, म्हणाली. आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. जावई तर उठून उभाच राहिला. मामांनी फोड मागे घेतली, तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, ‘ता पोटात असल्यापासूनच नको म्हणता.’

आता मामा नाहीत. पपईची झाडं तशीही फार वर्षं टिकत नाहीत, आणि मामांच्या मागे नवी रोपं लावणारं कुणी उरलं नाही. त्या जागेवर आता स्कूटरी उभ्या असतात. बाजारात हल्ली लहानशा, एकसारख्या पपया मिळतात. गोड असतात, नाही असं नाही. मी त्या उभ्याच कापतो, लिंबू पिळतो आणि शेंड्याकडची फोड आधी बाजूला काढून ठेवतो. घरी आलेल्या एखाद्या लेकीसुनेपुढे ती धरली आणि ती ‘नको’ म्हणाली तर मला राग येत नाही. मी हात तसाच ठेवून क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहतो.