भाऊजींनी नापसंत केलेली गावं

आमच्या भाऊजींनी जितकी गावं नाकारली तितकी तर सरकारच्या नकाशातही नसतील. गोंदियापासून खाली दक्षिणेकडे, अगदी अर्जुनीच्या जंगलापर्यंत, असा एक तलाव नाही की ज्याच्या पाळीवर त्यांनी गाडी लावली नाही, आणि असं एक गाव नाही की जिथून ते मान हलवत परत आले नाहीत. लोक मुलाला नवरी पाहायला इतकं फिरत नाहीत. फिरले तरी निदान पोहे खाऊन येतात. भाऊजी घरून डबा घेऊन जायचे आणि गाव नापसंत करून रिकामा डबा परत आणायचे.

भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. गोंदियाच्या एका कचेरीत त्यांची सारी नोकरी गेली. तिथं त्यांच्या खोलीला खिडकी होती, पण खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. त्या भिंतीकडे पाहून पाहून त्यांच्या डोक्यात जंगल उगवलं असं माझं मत आहे. रिटायर झाले त्याच आठवड्यात त्यांनी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या घरी जाहीर केलं, की आता उरलेलं आयुष्य निसर्गात, मोकळ्या हवेत, एखाद्या खेड्यात काढायचं. पहाटे जंगलात फिरायचं, दुपारी तलावावर गळ टाकून बसायचं, संध्याकाळी पक्षी मोजायचे. माझी जाऊबाई गोंदिया शहरात वाढलेली. ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, "आणि भांडे कोण घासणार? पक्षी?"

तुम्ही विचाराल, की माणसाला खेडंच पाहिजे होतं तर स्वतःचं गाव काय वाईट होतं. गोरेगावच्या पुढे आमचं गाव आहे, मी आजही तिथंच राहते. तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत, माकडं तर पाहिजे तितकी. पण तिथं भाऊजींना पाहिलं की पानठेल्यावरचा म्हातारा लांबूनच ओरडतो, "काय गा भोपळ्या, कवा आला?" लहानपणी ते गोल होते. आता वाळून काडी झाले, पण गावानं नाव बदललं नाही. भाऊजींना असं गाव पाहिजे होतं जिथं कोणी ओळखत नाही, पण सगळे अदबीनं नमस्कार करतात. असं गाव देवानं अजून तरी घडवलेलं नाही.

गाव पाहायला जाण्याचा त्यांचा थाट पाहण्यासारखा होता. डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, अंगात दहा-बारा खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट, पायात पिंडरीपर्यंतचे बूट, गळ्यात दुर्बीण आणि एक शिट्टी. शिट्टी अस्वलासाठी. अस्वल समोर आलं तर शिट्टी वाजवायची, म्हणजे ते पळून जातं, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. एका गावात ती नीट वाजते की नाही हे पाहायला त्यांनी शाळेमागे उभं राहून जोरात वाजवली. अस्वल काही पळालं नाही, कारण अस्वल नव्हतंच. पण शाळेतली सारी पोरं वर्गातून धावत आली आणि अंगणात रांगा करून, हात लांब करून उभी राहिली. गुरुजी ठेल्यावर चहा पीत होते, ते अर्धा कप टाकून आले. साहेब तपासणीला आले समजून त्यांनी भाऊजींना खुर्ची दिली. भाऊजींनी ते गाव नापसंत केलं. म्हणाले, "वहिनी, तिथली शांतता फार नाजूक आहे."

नापसंतीची कारणं ऐकायला मला मजा यायची. एका गावात सिमेंटचा रस्ता होता म्हणून नको, दुसऱ्या गावात रस्ताच नव्हता म्हणून नको. एका ठिकाणी जंगल दूर होतं. एका ठिकाणी जंगल इतकं जवळ होतं की रानडुकरं परसात आली. वाघाबद्दल तर त्यांचं म्हणणं फारच पक्कं होतं. वाघ नसेल तर ते जंगलच नाही. वाघ पाहिजेच, पण तो तलावाच्या पलीकडच्या अंगाला राहणारा पाहिजे आणि त्यानं आपली बाजू ओळखली पाहिजे. एका तलावावर ते दिवसभर गळ टाकून बसले. संध्याकाळी मासेमारांच्या सोसायटीचा एक माणूस आला आणि म्हणाला, "साहेब, मच्छी आमची हाये. पण तुमी बसा. तुमच्यानं काई होऊन नाई राह्यलं." ते गावही गेलं.

घरी बसून गाव पाहायचीही त्यांनी सोय केली होती. मोबाईलवर वरून जमीन दिसते म्हणे. हिरवं दिसलं की जंगल, निळं दिसलं की तलाव. मला दाखवायला आणायचे. मी म्हटलं, "भाऊजी, वरून तर घारही पाहते. तिले राहाचं नसते, उंदीर उचलाचा असते." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. दहा-बारा खिसे असल्यामुळे नंतर तो अर्धा तास सापडला नाही.

जाऊबाईनं हे पुष्कळ दिवस सहन केलं. ती म्हणायची, "मला पाहायला आले तेव्हा चहा थंड व्हायच्या आत पसंत करून मोकळे झाले. आणि गावासाठी एवढे नखरे." दक्षिणेकडेच काऊन पाहता, असंही ती विचारायची. आपण त्या दिशेला पाय करून झोपत नाही, हे तर आख्खे तिकडेच चालले. शेवटी एका उन्हाळ्यात भाऊजी नाचतच आले. गाव सापडलं होतं.

तलाव होता, जंगल होतं, राहायला मातीचं, कवेलूच्या छपराचं घर भाड्यानं मिळत होतं. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शांतता. भाऊजी त्या गावात भर दुपारी दोन तास फिरले आणि त्यांना एक माणूस बोलताना ऐकू आला नाही. लाउडस्पीकर नाही, भांडण नाही, पोरांचा आवाज नाही. घरमालक म्हातारा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तोही बोलला नाही. "वहिनी, तिथले लोक स्वभावानंच शांत आहेत," ते म्हणाले.

मी विचारलं, "दिवस कोणते होऊन राह्यले, भाऊजी?"

"मे महिना."

"मे नाई. तेंदूपत्त्याचे दिवस होऊन राह्यले. गाव पानं तोडाले गेलं असंन."

या दिवसांत आमच्याकडे असंच असतं. विडीच्या या पानांसाठी अर्धं गाव पोराबाळांसकट दूरच्या जंगलात जाऊन राहतं. बाकीचं अर्धं अंधारातच निघतं, पानं तोडून आणतं, पुडकी बांधतं आणि दुपारी मेल्यासारखं झोपतं. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं कोणीही सांगेल. भाऊजी कचेरीतल्यासारखे हसले आणि म्हणाले, "वहिनी, स्वभाव ऋतूप्रमाणे बदलत नाही."

जाऊबाईनं तेव्हा अट घातली. "दिवाळीपर्यंत तिथं एकटे राहून दाखवा. राहिलात तर मी सामान बांधून येते, एक शब्द बोलणार नाही. आणि मधात परत आलात, तर या घरात पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही." भाऊजींनी लगेच कबूल केलं. त्यांच्या सगळ्या आयुष्याची हौस त्या एका अटीवर टांगली गेली होती, आणि ते मात्र घडीची खुर्ची कोणत्या रंगाची घ्यावी या विचारात होते.

पहिले तीन आठवडे स्वर्गाचे गेले. रोज फोन यायचा, आज हा पक्षी दिसला, उद्या तो दिसेल. मग पानांचा हंगाम संपला आणि गाव घरी आलं.

गाव आलं ते हातात पैसे घेऊन आलं. लागोपाठ लग्नं लागली. डीजेचा खोका भाऊजींच्या भिंतीला टेकवून ठेवत, कारण त्यांच्याच घरासमोर मोकळी जागा होती. बोअरिंगचा हापसाही त्यांच्याच दारात होता. पहाटेपासून बाया पाण्याचे गुंड घेऊन यायच्या आणि नंबरावरून भांडायच्या. भाऊजी दुर्बीण घेऊन बाहेर आले की पोरं मागून दुर्बिणीच्या उलट्या बाजूनं पाहायला रांग लावायची. आणि लोकांनी त्यांना सरळ विचारायला सुरुवात केली. पेन्शन किती? बीपी आहे का? एकटे काऊन? भाऊजी सांगायचे, की मी निसर्गासाठी आलो आहे. लोक समजल्यासारखी मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी साऱ्या गावाचं एकमत झालं, की या माणसाला बायकोनं हाकललं आहे.

तिथून त्यांचे खरे हाल सुरू झाले. गावाला त्यांची दया आली. एका घरून वरण, दुसऱ्या घरून पातूरची भाजी, तिसऱ्या घरून सल्ला. शेजारची बाई रोज वाटी ठेवताना म्हणायची, "भाऊ, माफी मांगून टाका. बाईमाणूस हाये, पिघलते." जंगलात फिरायला निघाले तर दोन माणसं मागं यायची, की हा दुःखात काही करून घेईल. ज्या माणसाला अदबीचा नमस्कार पाहिजे होता, त्याला गावानं घरचा गरीब पाहुणा करून टाकलं.

भादव्यात एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. सोबत बॅग होती. टोपी भिजून ओल्या पापडासारखी झाली होती.

मी म्हटलं, "काऊन भाऊजी, वापस चालले का?"

"वहिनी, तिथं माणसाला विचार करायला जागा नाही."

"विचार कराले कुडव्याले काय जागा कमी होती?"

त्यांनी दारातच बूट काढले. मी भाकर आणि चटणी दिली, त्यांनी खाल्ली. मी समजूत घालत बसले नाही, मला ते जमत नाही. सकाळी त्यांनी गाडी बाहेर काढली. आमच्या फाट्यावरून एक रस्ता गोंदियाकडे जातो, दुसरा खाली दक्षिणेकडे. भाऊजी चष्मा पुसत कितीतरी वेळ उभे होते. मी सडा टाकता टाकता विचारलं, "ती हासंन म्हणून भेऊन राह्यले का?"

"ती हसणार नाही, वहिनी. ती काहीच बोलणार नाही. ताट वाढेल आणि काहीच बोलणार नाही. तेच अवघड आहे." मग त्यांनी गाडी खालच्या रस्त्याला वळवली.

दिवाळी झाली. त्या गावची मंडई होती, म्हणजे घरोघरी पाहुणे, दुकानं, झुले आणि ढोल. जाऊबाई बोलल्याप्रमाणे सामान बांधून माझ्याकडे आली, तिनं मला सोबतीला घेतलं आणि आम्ही एसटीनं गेलो. हापशावर शेजारीण भेटली. जाऊबाईला पाहून तिनं गुंड खाली ठेवला.

"आल्या का बाई? बरं झालं. घेऊन जा भाऊले. लय सुधरले आता."

"सुधरले? काय केलं होतं यांनी?"

"ते तुमाले मालूम. आमी काई इचारलं नाई," ती म्हणाली. सहा महिने तिनं विचारण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

भाऊजी ओसरीत बसले होते. वाळले होते, पण दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. जाऊबाईनं गाठोडं खाटेवर ठेवलं, पण सोडलं नाही. बाहेर मंडईचा भोंगा कान फाडत होता. ती म्हणाली, "तुम्ही जिंकले. मी आले. आता खरं सांगा, आवडतं का इथं?"

मला वाटलं, आता पक्षी येतील, तलाव येईल, शुद्ध हवा येईल. हो म्हणायला त्यांचं काहीच जात नव्हतं. भाऊजींनी भोंग्याकडे पाहिलं, हापशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"नाई आवडत," ते म्हणाले. "पण आता दुसरं गाव पाहाची ताकद नाई राह्यली माझ्यात."

जाऊबाई खाटेकडे वळली. मग तिनं गाठोड्याची गाठ सोडली, कढई बाहेर काढली आणि चूल कुठं आहे विचारलं. भाऊजी उठले आणि दाखवायला आत गेले. गावाला नावं ठेवून तिथंच थांबलेले ते मी पहिल्यांदाच पाहिले.