ताईचा एकच शब्द

ताईला स्ट्रोक आला तो वेअरहाउसमध्ये, शिफ्ट संपता संपता. जीव वाचला, हातपायही बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं. कळायचं सगळं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, "नको." चहा हवा असला तरी नको, मला हाक मारायची असली तरी नको. वसईला भांडणात आम्हा भावंडांना गप्प करणारी माझी मोठी बहीण कॅनडात, ब्रॅम्पटनच्या आमच्या बेसमेंटमध्ये मुकाट बसून राहायची.

माझी मुलगी शाळेतून आली की ताईजवळ बसून मोठ्यानं वाचायची. एकदा तिनं लायब्ररीतून इंग्रजी परीकथांचं पुस्तक आणलं. त्यात सावत्र आई जादू करवून राजकन्येचं डोकं मेंढीचं करून टाकते. पण त्या बाईचीच पोटची मुलगी ते डोकं तलम कापडात गुंडाळते, बहिणीचा हात धरते आणि दोघी घर सोडतात. पुढे ती पऱ्यांची काठी मिळवते आणि बहिणीला तिचा चेहरा परत मिळतो.

मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. ताई रडायला लागली. मुलगी घाबरली.

"मम्मा, डिड आय डू समथिंग?"

"नाही गं, तू वाच."

"बट यू आर हर सिस्टर. कान्ट यू फिक्स इट?"

थेरपी चालू होती, घरी सराव चालू होता. मी "पाणी" म्हणायचे, ती ओठ जुळवायची, घाम फुटायचा, आणि पुन्हा तेच.

मग एका रविवारी आम्ही चर्चमध्ये मराठी मिस्सेला गेलो. गायन सुरू झालं आणि शेजारून ताईचा आवाज आला. शब्द न् शब्द स्पष्ट! मी गायचीच थांबले. मिस्सा संपल्यावर पार्किंगमध्ये तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, आता माझं नाव घे. एकदाच."

तिनं तोंड उघडलं. मान ताणली. डोळे भरून आले.

"नको," ती म्हणाली. "नको, नको."

गाणं अजून येतं तिला. बोलणं नाही. थेरपिस्ट म्हणते, असं होतं, गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते. असेल. त्या दिवशी मी तिला गाडीत बसवलं, सीटबेल्ट लावला, आणि विंडशील्डवरचा बर्फ खरवडत बराच वेळ बाहेरच उभी राहिले.