अल्विनाचा उलटा तक्ता

"कोबी आणि राग, दोन्ही मिठात दाबून ठेवले तर नासत नाहीत," असं अल्विना वेअर नेहमी म्हणायची. म्हणायची आणि मातीच्या बरणीतल्या चिरलेल्या कोबीवर ओढ्यातला गुळगुळीत दगड ठेवायची. सेंट ओडो गावात तिच्या हातच्या आंबवलेल्या कोबीला तोड नव्हती. रागालाही नव्हती.

तो राग तर रस्त्यावरून वाचता यायचा. गावात शिरताना डाव्या हाताला तिचं काळं कोठार लागतं. त्याच्या फळ्यांवर पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'थॅडला खेळवायला हवं होतं.' रस्त्यापलीकडे बरोबर समोर नॉर्ब फ्लेकच्या स्वयंपाकघराची खिडकी. सकाळी कॉफीचा कप घेऊन नॉर्ब खिडकीशी आला की धुकं असो वा ऊन, आधी ती अक्षरं दिसायची. दर वसंतात अल्विना शिडी लावून त्यांच्यावर नवा हात फिरवायची.

थॅड तिचा एकुलता एक. आमच्या इंडियानात पोर चालायला लागायच्या आधीच बाप कोठाराच्या दारावर बास्केटबॉलचं कडं ठोकतो आणि खाली चेंडू ठेवतो. थॅडच्या बापाने ठोकलं आणि लवकरच तो वारला. पोराने ते कडं आणि तो चेंडू यांनाच बाप मानलं. शाळेच्या टीममध्ये तो सगळ्यांत उंच नव्हता, पण चेंडू त्याच्या हाताला ओळखायचा. नॉर्ब फ्लेक कोच. गाव त्याला अहो-जाहो करायचं. अल्विना मात्र लहानपणी त्याच्याबरोबर एकाच वर्गात शिकलेली, म्हणून अरे-तुरे.

मग तो सामना आला. जिंकलो असतो तर आमच्या एवढ्याशा शाळेची टीम पहिल्यांदा राज्याच्या अंतिम फेरीत राजधानीला खेळायला गेली असती. वर प्रेक्षकांत बसलेला, एका कॉलेजच्या टीमसाठी पोरं निवडणारा माणूस खास थॅडला बघायला आला होता. शेवटची मिनिटं आली आणि नॉर्बने थॅडला बाकावर बसवलं ते बसवलंच. एका गुणाने हरलो. कॉलेजचा माणूस शिट्टी वाजायच्या आधीच उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी नॉर्बने पेपरवाल्याला सांगितलं, "पोराच्या हातात कला आहे, पण छाती नाही."

थॅड दक्षिणेला समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला गेला. नाताळात फोन करायचा. घरी कधी आला नाही. त्या पेपरने अल्विनाने चूल पेटवली आणि पांढऱ्या रंगाचा डबा आणला.

आता खुर्चीचं सांगतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत बसते. सगळं गाव येतं. मार्चमध्ये कॉलेजांच्या बास्केटबॉलची मोठी स्पर्धा लागली की तिथल्याच भिंतीवर सगळ्यांचे तक्ते टोचले जातात. कोण कोणाला हरवणार, शेवटी कोण जिंकणार, सगळं आधीच लिहून द्यायचं. पैसे चर्चच्या छपराला. खरी पैज खुर्चीची. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर खुर्चीवर चढायचं आणि जिंकणारा सांगेल ते वाक्य बोलायचं. 'मी गाढव आहे', 'माझी बायको माझ्यापेक्षा चांगला ट्रॅक्टर चालवते', असलं काहीतरी. आणि जिंकणारा 'उतर' म्हणेपर्यंत उतरायचं नाही. हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय. एकदा टपालवाला कॉफी थंड होईस्तोवर उभा होता, पण आपण होऊन उतरला नाही. ती खुर्चीही गावच्याच कारखान्यातली. अल्विना तिथे खुर्च्यांचे पाय घासायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी अल्विना पंगतीत कोबी वाढत होती तिथे नॉर्ब ताट घेऊन आला.

"अल्विना, नात वाचायला लागलीय माझी. शाळेच्या बसमधून ते वाचते आणि विचारते, आजोबा, थॅड कोण?"

"मग सांग की. शाळेत जाते म्हणजे हुशार असणार. तुझ्यावर गेली नाही वाटतं."

"किती वर्षं चालवणार आहेस हे? रंग मी देतो. माणसंही मी आणतो. एक दिवसाचं काम."

अल्विनाने त्याच्या ताटात कोबी वाढला, अगदी चिमूटभर. "पैज लाव. तक्त्यावर. तू आणि मी, दोघांतच. तू जिंकलास तर कोठार लाल रंगव, निळं रंगव, नातीचं नाव लिही. मी जिंकले तर खुर्ची."

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. चेंडू कुठे आहे हे अल्विनाला आयुष्यात कधी कळलं नव्हतं. थॅडच्या सामन्यांना ती फक्त थॅडकडे बघायची. नॉर्बही हसला. "गुण तरी कसे मोजतात माहितीय का तुला?"

"शिकेन."

तिने विचारलं तिची मैत्रीण रोझेलाला. रोझेला मासे तळायची आणि खेळातलं सगळं तिला कळायचं. तिने सांगितलं, "अगं, फेरीगणिक गुण दुप्पट होतात. पहिल्या फेरीतले सगळे सामने मिळून जेवढे गुण, तेवढे एकट्या अंतिम सामन्याचे. पण तू कोणाला निवडणार? एक तरी टीम माहितीय तुला?"

"टीम कशाला माहीत पाहिजे? मला नॉर्ब माहितीय."

नॉर्बचा तक्ता भिंतीवर लागेपर्यंत ती थांबली. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि बघून बघून लिहू लागली. नॉर्बने ज्याला जिंकवलं त्याला तिने हरवलं, ज्याला हरवलं त्याला जिंकवलं. पुढच्या फेऱ्यांत तिच्या तक्त्यावर अशा जोड्या आल्या की ज्यांची नॉर्बच्या तक्त्यावर गाठच पडली नव्हती. तिथे उलटं काय लिहिणार? तेव्हा तिने पेन्सिल तोंडात धरून एकच विचार केला. या दोघांतलं कोण जिंकलेलं त्याला जास्त झोंबेल?

शेवटच्या चौकटीत नॉर्बने आपल्या राज्याची टीम लिहिली होती. तो दर वर्षी तीच लिहायचा. भिंतीवरच्या बहुतेक तक्त्यांत तीच होती. आणि नदीपलीकडची टीम? ओहायो नदीच्या त्या तीरावरच्यांना, शेजारच्या राज्यातल्या आमच्या जुन्या वैऱ्यांना, आम्ही जिंकलेलं लिहीत नाही. ते कितीही बलवान असोत, आमच्या हातून ते नाव शेवटच्या चौकटीत उतरत नाही. नॉर्बने तर त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं.

अल्विनाने ते नाव शेवटच्या चौकटीत ठळक लिहिलं.

"बाई, तुला दफनभूमीत जागा देणार नाहीत," रोझेला म्हणाली.

"नवऱ्याशेजारी माझी जागा केव्हाच राखलेली आहे."

पहिले दोन दिवस गावाची करमणूक झाली. जिंकायची ती बलाढ्य कॉलेजं जिंकत गेली आणि अल्विनाच्या तक्त्यावर काटच काट. नॉर्बने रंगाच्या दुकानातून रंगांचे नमुने आणले आणि शुक्रवारच्या पंगतीत तिच्या टेबलावर मांडले. "कुठला आवडतो?"

"तो पांढरा ठेव," ती म्हणाली. "माझा डबा संपत आलाय."

त्या रविवारी आपल्या राज्याची टीम पडली. गावात कुत्रं भुंकलं नाही. नॉर्बची शेवटची चौकट रिकामी झाली, पण त्याने साठवलेले गुण बरेच होते. नदीपलीकडचे मात्र जिंकत राहिले, दर फेरीला दुपटीने गुण देत राहिले. शेवटी हिशोब एवढाच उरला की अंतिम सामना ते जिंकले तर खुर्ची, हरले तर कोठार.

तो सामना अल्विनाने आपल्या स्वयंपाकघरात रोझेलाबरोबर पाहिला. जन्मात पहिल्यांदा ती चेंडूकडे बघत होती. नदीपलीकडच्या टीममध्ये एक लांब हातांचा पोरगा होता. सगळं त्याच्याभोवती फिरायचं. तोच ऐन रंगात असताना कोचने त्याला बाहेर बोलावून बाकावर बसवला.

अल्विना उठून उभीच राहिली. "काढला का त्याला? मेल्याचं डोकं फिरलंय का?"

"चार फाउल झाले ना त्याचे. पाचवा झाला की कायमचा बाहेर. म्हणून शेवटासाठी राखून ठेवतात."

अल्विना हळूच खाली बसली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी थॅडचे किती होते?"

रोझेला पडद्याकडेच बघत राहिली. "चार."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं. तुला सांगायची कोणाची टाप होती?"

फळीवरच्या बरणीत कोबी बुडबुडत होता. इतक्या वर्षांचा राग. त्याच्यावरचा दगड उचलला गेला असता तर याच घटकेला. रोझेलाला तसं वाटलंही. अल्विना मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होती.

आणि शेवटची मिनिटं आली. तिथला कोच उठला, त्या लांब हातांच्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि चार फाउलांसकट त्याला आत धाडलं. पोरगा जपून खेळला नाही. तो आगीसारखा खेळला. पाचवा फाउल झाला नाही. झाला असता तरी तो त्याचा स्वतःचा असता. नदीपलीकडचे जिंकले.

रोझेलाने टाळी वाजवली. अल्विना हसली नाही. "असं करायचं असतं होय," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी ईस्टर उशिरा होता, त्यामुळे पुढच्या शुक्रवारीही पंगत होती. तळघरात उभं राहायला जागा नव्हती. नॉर्ब म्हातारा झाला होता. खुर्चीवर चढताना त्याने टेबलाचा आधार घेतला. पण तो चढला. पैज मोडणारा माणूस तो नव्हता, एवढं श्रेय मी त्याला देतो.

"बोल," अल्विना म्हणाली. "थॅडकडे छाती होती. माझ्याकडे नव्हती."

नॉर्बचा चेहरा लाल झाला. "चार फाउल होते त्याचे, अल्विना! तुला तो खेळ कळत नाही. कधीच कळला नाही."

"आता कळतो. पाच असतात. एक उरला होता, तो त्याचा होता. तो तू खाल्लास, आणि वर पेपरात त्याची छाती मोजलीस."

कोणाच्या हातातला काटा ताटावर वाजला. नॉर्बने भिंतीकडे पाहिलं, मग पुढच्या बाकावर बसलेल्या नातीकडे. "थॅडकडे छाती होती," तो म्हणाला. मग पुटपुटला, "माझ्याकडे नव्हती."

"मागे ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

आता ती 'उतर' म्हणेल म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले. अल्विनाने बरणी पुसली, झाकण लावलं, दगड फडक्यात गुंडाळला. कोट घातला आणि एकेक गुंडी लावली.

"अल्विना," रोझेला हलकेच म्हणाली. "म्हण गं."

अल्विनाने बरणी काखेत घेतली आणि जिना चढून गेली.

तळघराच्या खिडक्या जमिनीला लागून आहेत. त्यांतून तिचे जोडे दिसले, चर्चच्या अंगणातली खडी तुडवत, न थबकता, कोठाराच्या रस्त्याला लागलेले. आम्ही सगळ्यांनी पाहिले. पण सगळ्यांत दूरवर दिसली ती नॉर्बलाच, कारण तो उंचावर उभा होता आणि त्याला उतरता येत नव्हतं.