तीन अठ्ठ्या

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते मला आजही कळत नाही. अक्षरही वाकडं येतं, कारण दिवसभर हात बर्फात असतो आणि संध्याकाळी बोटं नीट वळत नाहीत. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफ करा. अक्षराच्या चुका तेवढ्या माफ करा. बाकीच्या माफीचं मी बोलत नाही.

मी अंधेरीच्या बाजारात मासे विकते. घर वेसाव्याला. माझ्या शेजारी बसते तिला मी बाय म्हणते. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. मला ओरडून गिऱ्हाईक बोलवता येत नाही, कधीच आलं नाही. कुणी भाव विचारला तरी मान खाली जाते. म्हणून इतकी वर्षं बाय दोघींसाठी ओरडायची. "ये गो ताई, माझ्याकडं पापलेट, हिच्याकडं सुरमई! ही मुकी हाय, पण मासा ताजा हाय!" गिऱ्हाईक हसायचं आणि माझ्यापुढे उभं राहायचं.

बायचे पुढचे चार दात पडले होते. ओरडताना हवा निसटायची, पापलेटचं फाफलेट व्हायचं. बाजारातल्या बायका तिची नक्कल करायच्या, तीही हसायची. पण एकदा मला हळूच म्हणाली, "नातीच्या लग्नात फोटोला तोंड मिटून उभी राहिले. आता दात बसवणार." त्यासाठी ती पैसे साठवायला लागली. तिच्या घरात मागणारे चार, आणि लपवायची प्रत्येक जागा त्यांना ठाऊक. म्हणून रोज दोनशे रुपये ती माझ्याकडे द्यायची आणि मी ते माझ्या खात्यात ठेवायची. "तू बोलत नाहीस," ती म्हणायची, "म्हणजे कुणाला सांगणार पण नाहीस." बावीस हजार झाले होते.

पत्ते मला लहानपणापासून येतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की माझा बाप आणि काका तीन पत्ती खेळत बसायचे. मी चहा द्यायला जायची आणि मागे उभी राहून बघायची. एकसारखी तीन पानं आली की त्याला ट्रेल म्हणतात. ट्रेलच्या वर काही नाही. ट्रेल आली की बाप पानं उघडायच्या आधीच पैसे ओढायला हात पुढे करायचा. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

गिऱ्हाईकाकडून पैसे घ्यायला मुलीने मला फोन घेऊन दिला. त्यात पोकरची जाहिरात आली, पन्नास रुपये फुकट म्हणून. दुपारी एक ते चार बाजार झोपलेला असतो, बाय टोपलीला टेकून डुलकी काढते. त्या वेळी मी खेळायला लागले. खरं सांगायचं तर पैशांसाठी नाही. तिथे बोलावं लागत नव्हतं. बटण दाबलं की पाच-सहा माणसं माझ्यासाठी थांबायची, माझ्या पैशांना घाबरून पानं टाकायची. मला बघून कुणी घाबरल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पोकरमध्ये दोन पानं आपल्या हातात असतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी तीन, मग एक, मग एक. सगळ्यांतून पाच पानांचा डाव बनवायचा. आणि तिथे ट्रेल सगळ्यात मोठी नाही. एकाच रंगाची पाच पानं जमली तर तो कलर ट्रेलला खातो. हे मला माहीत होतं. ते खेळात लिहिलेलंच होतं, आणि मी दोनदा वाचलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

महिनाभरात माझे चार हजार गेले. ते परत मिळवायचे म्हणून एका दुपारी मी बायचे बावीस हजार घेऊन मोठ्या टेबलावर बसले. मनात म्हटलं, चार हजार निघाले की उठायचं. थोड्या वेळात दोन हजार निघाले. तेव्हा उठले असते तर बायचे पैसे तरी जागेवर राहिले असते.

मग हातात दोन अठ्ठ्या आल्या, चौकट आणि किलवर. मध्ये पानं उघडली: बदाम अठ्ठी, बदाम राणी, इस्पिक दुर्री. तीन अठ्ठ्या! माझे कान गरम झाले. मी पैसे लावले. बाकीच्यांनी पानं टाकली, एकजण राहिला. त्याच्या नावाच्या जागी वाघाचं चित्र होतं. चौथं पान आलं, बदाम चौकी. आता मध्ये तीन बदाम झाले. त्याच्या हातात दोन बदाम असले तर माझी ट्रेल मेली. मी पुन्हा लावले, तर त्याने माझ्या तिप्पट लावले.

इतका वेळ जो नुसता मागे मागे येत होता, तो बदाम आल्याबरोबर पुढे आला. हे मला दिसत होतं. पानं टाकली असती तर अर्ध्याहून जास्त पैसे वाचले असते. पण मला दिसत होता तो बापाचा पुढे गेलेला हात. मी सगळे लावले.

शेवटचं पान काही कामाचं नव्हतं. वाघाकडे बदामाचा एक्का आणि पंजी होती. पैसे त्याच्याकडे सरकले. बाय शेजारी तोंड उघडं टाकून झोपली होती.

आठवडाभराने ती म्हणाली, "दातवाल्यानं गुरुवारी बोलावलंय. पैसे काढ गो." मी म्हटलं, एटीएमचं मशीन बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने टोपलीवर ओला कपडा टाकला आणि म्हणाली, "चल, मी पण येते." मशीनच्या रांगेत आमच्या पुढे दोनच माणसं उरली तेव्हा मी सांगितलं.

"पैसे नाहीत."

"कुणी घेतले?"

"मी. पत्त्यांत गेले. फोनवरच्या."

ती हसली. तिला थट्टा वाटली. "तू? तुला गिऱ्हाईकाला बोंबलाचा भाव सांगता येत नाय, आणि तू जुगार खेळलीस? कुणाबरोबर?"

"माहीत नाही."

"नाव काय त्याचं?"

"वाघाचं चित्र होतं."

तेव्हा तिचं हसू गेलं. मागचा माणूस म्हणाला, "मौसी, आगे बढो ना." बाय रांगेतून बाहेर आली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या दातांनी खेळलीस होय गं."

तिने कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरीही अजून कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, पैंजण विकून थोडे एकदम देते. "नको," ती म्हणाली. "मी जसे थोडे थोडे दिले तसेच दे. रोज शंभर, बाजार उठायच्या आधी. मला मागायला लावू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ती फक्त स्वतःसाठी ओरडायला लागली. "ये गो ताई, माझ्याकडं पापलेट!" तिथेच थांबायची. पहिल्या दिवशी माझी निम्मी सुरमई तशीच परत गेली. चौथ्या दिवशी मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, आवाज फाटला एवढं आठवतं. समोरची कोथिंबीरवाली वळून बघायला लागली. बायने बघितलं नाही.

श्रावणात मासे खपत नाहीत. तेव्हा एका गोदामात कोलंबी सोलून मी शंभर उभे केले. नखं झिजून आत गेली. मी नोट द्यायची तेव्हा बाय तोंड उघडून काही ना काही बोलत असायची, आणि मला ती रिकामी जागा रोज दिसायची. मी नजर खाली घ्यायची. ती नोट कनवटीला लावायची आणि आमच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघ मारायची.

हे पैशांचे खेळ आता सरकारने बंद केले म्हणतात. मला त्याने काही हलकं वाटलं नाही. मला कुणी हात धरून बसवलं नव्हतं.

दोनशे विसाव्या दिवशी मी शेवटची नोट दिली. बायने ती उजेडात धरली, उलटी केली.

"ही फाटकी हाय. बदलून दे."

मी दुसरी काढली. तिने ती कनवटीला लावली, भिंतीवरच्या रेघा एका टोकापासून बोटाने मोजत गेली, दोनदा मोजल्या, आणि ओल्या कपड्याने पुसून टाकल्या.

"फिटले," ती म्हणाली.