मिठाचा अंदाज

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही गोदावरीवरून विधी आटोपून घरी आलो. मी मागच्या नळावर पाय धूत होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत माझी बारा वर्षांची नात तिच्या आईला विचारत होती, "आजीचं ते आता आजोबांना सांगायचं?"

"काही गरज नाही," सून म्हणाली. "उगाच जिवाला लावून घेतील."

मी नळ बंद केला नाही. मला काही ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं, म्हणून पाणी वाहू दिलं.

गेली त्या दिवशी बायको दुपारी जेवून आडवी झाली आणि चहाच्या वेळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्या वाक्याला धरून मी दहा दिवस काढले होते. आता ते हातातून सुटलं. तिला काहीतरी होत होतं, या दोघींना ते ठाऊक होतं आणि मला नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर ती आज असती का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळून बघायची सवय लागली होती. फाटलेलं पान मुलं कधीच आपणहून सांगत नाहीत. तशीच मी आता मागची काही वर्षं चाळायला घेतली.

एकदा गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. बाहेरच्या खोलीपर्यंत वास येत होता आणि ती शेगडीशेजारी उभी राहून शांतपणे मेथी निवडत होती. "सर्दी झालीय हो," म्हणाली. दूध नासलं की काय, हे ती हल्ली नातीला विचारायची. आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी स्वयंपाकघराचं दार आतून ओढून घेतलेलं असायचं. पूर्वी असं कधी नव्हतं.

आमच्या घरी त्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी कशाचीही चव घ्यायची नाही. आमटीचा थेंबसुद्धा जिभेवर ठेवायचा नाही. उकळी आली की ती पातेल्यावर वाकून वास घ्यायची आणि मीठ कमी की जास्त ते तिला कळायचं. जेवायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगायचो. "चाळीस वर्षं झाली, नुसत्या वासावर मीठ घालते. एकदा चुकली नाही."

"पुरे झालं तुमचं कौतुक," ती म्हणायची. "वाढू द्या आता."

गेल्या वर्षी मात्र कटाची आमटी खारट झाली. मीठ दोनदा पडलं होतं. पाहुणे मुकाट्यानं पाणी पीत होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आज पहिल्यांदाच हात चुकला बरं का हिचा." तेव्हा मला वाटलं, वय झालं. आता वाटू लागलं की मेंदूचंच काही असणार.

मी तिचा औषधांचा डबा उपसला. रक्तदाबाच्या गोळ्यांखेरीज त्यात काही निघालं नाही. सुनेला विचारलं, "तिला चक्कर यायची का?"

"नाही हो बाबा."

"मग विसरायला लागली होती?"

"काही विसरत नव्हत्या. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

तिनं विषय इतक्या चटकन बदलला की माझा संशय पक्का झाला. शेवटी नात एकटी अभ्यासाला बसलेली असताना मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"आजीला काय झालं होतं?"

"शपथ घातलीय मला."

"कुणाची?"

"तुमचीच. मी सांगितलं तर तुम्हाला खोकला होईल."

"तो तर मला आहेच."

तिनं जरा विचार केला. "हो, ते पण आहे," म्हणाली आणि वही मिटली.

चार वर्षांपूर्वी घरात सगळ्यांना ताप येऊन गेला, तेव्हा बायकोला वास येणं बंद झालं ते कायमचंच. चवही जवळजवळ गेली. दोन-तीन महिन्यांनी सून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती; ते म्हणाले, आता आशा कमी, पण जिवाला धोका नाही. महालक्ष्म्यांना दार लावून ती नातीच्या तळहातावर आमटी ठेवायची आणि माहेरच्या अहिराणीत विचारायची, "कसं शे?" लहान मुलाच्या तोंडचं उष्टं होत नाही, असं तिचं म्हणणं.

"मग गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी म्हणाली, तू आता मोठी झालीस, आता तुझं उष्टं होतं. मी म्हटलं, अगं कुणाला कळतंय? तर म्हणे, देवीला कळतं."

"पण मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता ना, वासावर मीठ, वासावर मीठ. ती म्हणायची, त्यांचं हसं होईल."

संध्याकाळी सुनेनंही हेच सांगितलं. हृदयाशी त्याचा काही संबंध नव्हता. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. वाचवता आली असती, असं काही नव्हतं. मग सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

पण त्या चार वर्षांत रोज जेवताना ती मला विचारायची, "आमटी कशी झालीय?"

"चांगली."

"चांगली म्हणजे कशी? चिंच पुढे येतेय का? फोडणी लागतेय का जिभेला?"

रोजचा स्वयंपाक सून करायची, म्हणून बायकोला तिच्या हाताची खोड काढून हवी आहे आणि ती माझ्या तोंडून वदवून घ्यायची आहे, असा माझा पक्का समज होता. म्हणून मी मुद्दाम सावध राहायचो. चिंच नाही, फोडणी नाही. "बरी आहे," एवढंच म्हणायचो आणि वर्तमानपत्राची घडी उलटायचो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघायची, आणखी काही येतंय का याची वाट बघायची, आणि मग भात कालवायला घ्यायची.