डब्यातला बर्फ

मंडळी, आत्ताच हॉटेलवर परतलोय आणि आईकडे बघवत नाहीये.

पुनावळ्याहून आम्ही तिला शिमल्याला आणलं. आज गाइडबरोबर बर्फातला सूर्यास्त बघायला जायचं होतं. मी म्हणालो, "आई, तुझे गुडघे दुखतात, तुला झेपायचं नाही."

"व्हय, तुमी जाऊन या. मी हाय हितं," म्हणाली आणि धपाट्यांचा डबा दिला.

गाडी थेट बर्फापर्यंत गेली. चालावं लागतं का, हे गाइडला मी विचारलंच नव्हतं. आईहून म्हाताऱ्या बायका तिथं खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

रिकाम्या डब्यात तिच्यासाठी बर्फ भरला. येईपर्यंत त्याचं पाणी झालं. आईनं ते डोळ्यांना लावलं आणि तीर्थ म्हणून आधी माझ्याच हातावर घातलं.

"झेपायचं नाही" हे आपण नक्की कुणाच्या सोयीसाठी म्हणतो हो?