हनीफ मिस्त्रींच्या तीन नळ्या

जाड लोखंडी चकतीच्या भोकांत नळ्या घालायच्या आणि रोलरनं आतून फुलवून घट्ट बसवायच्या, हे काम हनीफ मिस्त्री अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं करत होते. परवा विंचूरच्या वायनरीसाठी बनवलेला कूलर पाण्याच्या चाचणीला लावला, तर तीन नळ्यांच्या कडेनं पाणी पाझरलं. नवे इंजिनिअर हर्षलसाहेब, ज्यांच्या बुटांची ग्रीसशी अजून ओळखही झाली नव्हती, सगळ्यांदेखत म्हणाले, "चाचा, हात थकला तुमचा!"

मिस्त्री लालबुंद झाले. गेज आणून त्यांनी नळ्यांची आतली मापं घेतली. बाकी सगळ्या सारख्या, त्या तीन तेवढ्या जास्त फुगलेल्या.

"काल मी गेल्यावर यांत रोलर कुणी फिरवला?"

साहेब घुटमळले. "मीच. म्हटलं, अजून जरा पक्क्या होतील."

"पक्क्या? अहो, जास्त फुगवली की नळी पातळ होते, पकड जाते! पोट भरल्यावर बायकोनं आणखी चार पोळ्या कोंबल्या, तर तुम्ही पक्के होता का?"

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. "माझा हात थकल्याचं सगळ्यांनी ऐकलंय. आता तुमची चूकही ऐकू द्या, मग नळ्या बदलतो."

साहेब काहीतरी पुटपुटले.

"पलीकडच्या लेथवाल्यांना ऐकू नाही आलं, साहेब," म्हणत मिस्त्री हाताची घडी घालून उभेच राहिले.